कागद आधी, फाइल नंतर

दसरा जवळ आला की मी ज्या छापखान्यांशी काम करतो, तिथे कोणालाही श्वास घ्यायची फुरसत नसते. अशोक विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर लागणाऱ्या पुस्तकांच्या स्टॉलसाठी पुस्तिका, पाठोपाठ दिवाळी अंक, संस्थांच्या स्मरणिका आणि तुळशीचे लग्न आटोपले की लग्नपत्रिका, असा हा ओघ थेट उन्हाळ्यापर्यंत चालतो. यांतल्या बऱ्याच कामांची मांडणी आणि मुखपृष्ठे मी करतो, आणि संभाषणाचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. आधी मजकूर आणि फोटो येतात, मग मुखपृष्ठाचा रंग पसंत होतो, मग पृष्ठसंख्या निघते, आणि सगळे हातावेगळे झाल्यावर, फाइल छापखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी, कोणीतरी विचारते, "आणि भाऊ, कागद कोणता घ्यायचा?" माझे म्हणणे एवढेच आहे की हा प्रश्न सर्वांत आधी विचारला पाहिजे. रंग किती गडद ठेवायचा, अक्षर किती बारीक चालेल, फोटो कोणता घ्यायचा, मुखपृष्ठाचा कणा किती मिलिमीटरचा धरायचा, हे सगळे कागद ठरल्याशिवाय ठरत नाही. आणि ते आधीच ठरवून टाकले असेल, तर मग कागदाला त्या फाइलशी जुळवून घ्यावे लागते, जे तो कधीच करत नाही.

कागदाबद्दल बोलणे निघाले की पहिला शब्द येतो तो जीएसएम. एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन, इतकाच त्याचा अर्थ आहे. ए-झीरो आकाराचा कागद बरोबर एक चौरस मीटरचा असतो आणि त्यातून सोळा ए-फोर निघतात, म्हणून ८० जीएसएमचा ए-फोर कागद ५ ग्रॅमचा भरतो. व्यापारी मात्र रिमच्या वजनावर बोलतो. २३ × ३६ इंचांचा, ७० जीएसएमचा ५०० शीटचा रिम सुमारे १८.७ किलोचा असतो, आणि भाव किलोवर असल्यामुळे हा हिशेब स्वतःला करता येणे फायद्याचे आहे. याच शीटमधून डेमी एक-अष्टमांश, म्हणजे कापल्यावर साडेपाच बाय साडेआठ इंच होणाऱ्या पुस्तकाची सोळा पाने, अर्थात बत्तीस पृष्ठे निघतात. १६० पृष्ठांच्या पुस्तकाला प्रतीमागे पाच शीट, हजार प्रतींना पाच हजार शीट, म्हणजे दहा रिम आणि १८७ किलो कागद, अधिक मशीनवर आणि बाइंडिंगमध्ये वाया जाणारा. पृष्ठे १६४ झाली तर उरलेल्या चार पृष्ठांसाठी वेगळा तुकडा छापून जोडावा लागतो. त्यापेक्षा मजकूर थोडा आवळून पृष्ठसंख्या सोळाच्या पटीत बसवणे केव्हाही चांगले.

जीएसएमने वजन कळते, जाडी कळत नाही, आणि बाजारातला बहुतेक गोंधळ इथेच आहे. मॅपलिथोवर, म्हणजे पुस्तकांच्या आतल्या पानांसाठी नेहमी वापरतात त्या साध्या कागदावर, थर दिलेला नसतो; त्याचे तंतू मोकळे असतात, त्यामुळे ८० जीएसएमचा मॅपलिथो साधारण ०.१ मिलिमीटर जाड भरतो. आर्ट पेपरवर चिनी माती किंवा कॅल्शियम कार्बोनेटचा थर देऊन तो रुळांमध्ये दाबून गुळगुळीत केलेला असतो. त्यामुळे १०० जीएसएमचा आर्ट पेपरसुद्धा हाताला त्या मॅपलिथोपेक्षा पातळ लागतो. "जीएसएम वाढवा, म्हणजे पुस्तक भारी दिसेल" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पुस्तक त्याने भारी होते हे खरे, पण ते तराजूवर. हातात भरीव वाटणारे आणि तरीही हलके पुस्तक हवे असेल, तर फुगीर नॅचरल शेडचा, म्हणजे किंचित पिवळसर, कागद घ्यावा. कथा-कादंबरी, कविता, आठवणी, ज्यात डोळा तासन्‌तास पानावर राहणार आहे, अशा कोणत्याही पुस्तकाला मी पांढराशुभ्र कागद सुचवत नाही. दिव्याखाली त्याचा पांढरेपणा टोचतो, आणि त्या पांढरेपणासाठी घातलेली रसायने काही वर्षांनी निस्तेज झाल्यावर कागद पिवळा पडतो तो वेगळाच.

पाठपोट छपाई आरपार दिसते का, हे पाहायला यंत्र लागत नाही. नमुन्याचा कोरा कागद ठळक काळ्या अक्षरांच्या छापील पानावर ठेवावा आणि खालच्या ओळी किती डोकावतात ते खिडकीच्या उजेडात पाहावे. दुसरी परीक्षा तंतूंच्या दिशेची, ज्याला छापखान्यात ग्रेन म्हणतात. कागदाच्या चौकोनी तुकड्याची एक बाजू ओल्या बोटाने पुसली की तो ज्या रेषेभोवती वळतो, ती तंतूंची दिशा. पुस्तकात ही दिशा कण्याला समांतर असली पाहिजे, म्हणजे पाने अलगद उलटतात आणि उघडलेले पुस्तक टेबलावर बऱ्यापैकी सपाट राहते. आडवी असेल तर पाने ताठरपणे उभी राहतात आणि चिकटवलेल्या कण्याजवळ लाटा पडतात. लांब ग्रेनचा २३ × ३६ घेतला तर डेमी पुस्तकात ती आपोआप बरोबर बसते. आकार बदलला की मात्र विचारून घ्यावे, कारण एखादा इंच वाचवण्यासाठी शीट फिरवून कापली जाते आणि कोणी सांगत नाही.

लग्नपत्रिकांमध्ये तंतूंची हीच गोष्ट डोळ्यांना दिसते. ३०० जीएसएमच्या कार्डावर गडद मरून रंग पसरलेला, मधोमध घडी, आणि त्या घडीवर पांढरी रेघ फुटलेली, अशी पत्रिका प्रत्येकाच्या घरी आलेली आहे. दोष शाईचा नसतो. कार्ड तंतूंच्या आडवे मोडले, की वरचा थर तडकतो. जाड कार्डाला घडीआधी क्रीझिंग, म्हणजे घडीच्या रेषेवर दाबून पाडलेली खाच, हवेच, घडी तंतूंना समांतर हवी, आणि डिझाइन करतानाच घडीच्या जागी गडद रंगाचा पट्टा न ठेवता आला तर सर्वांत उत्तम.

नागपूरची हवा हा कागदाच्या निवडीतला स्वतंत्र विषय आहे. कागद हवेतला ओलावा घेतो आणि सोडतो, आणि ओलावा घेतला की तो तंतूंच्या दिशेपेक्षा आडव्या दिशेने जास्त वाढतो. छापखान्यात सापेक्ष आर्द्रता ५० ते ५५ टक्के असावी असे मानतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, दुपारी हवेत ओलावा नावापुरता उरतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तीच हवा ८० टक्क्यांच्या वर जाते. उन्हाळ्यात उघड्या ठेवलेल्या गठ्ठ्याच्या कडा सुकून आक्रसतात, शीटमध्ये स्थिर वीज साचते आणि दोन शीट एकमेकींना चिकटून मशीनमध्ये जातात. पावसाळ्यात उलट, कडा ओलावा पिऊन लाटांसारख्या होतात, निळा (सायन), मॅजेन्टा (किरमिजी), पिवळा आणि काळा या छपाईच्या चार रंगांतला पहिला आणि चौथा एकमेकांवर नेमके बसत नाहीत, आणि शाई लवकर न वाळल्यामुळे एका शीटची छपाई वरच्या शीटच्या पाठीवर उतरते. मशीनच्या खोलीत सुरू असलेला वाळ्याचा कूलर हा उन्हाळ्यात कारागिरांइतकाच कागदालाही उपकारक असतो, मात्र त्याचा झोत सरळ गठ्ठ्यावर येता कामा नये. रिमचे वेष्टन छपाईच्या वेळेपर्यंत फोडू नये, आणि माल आला त्याच तासाला मशीनवर चढवण्याऐवजी एक रात्र त्याला खोलीच्या हवेत, वेष्टनासकट, राहू द्यावे. श्रावणात छापलेल्या मुखपृष्ठाचे लॅमिनेशन दुसऱ्याच दिवशी मागणाऱ्या ग्राहकाला मी स्पष्ट नाही म्हणतो, कारण खालची शाई ओली असली तर प्लास्टिकचा पापुद्रा काही दिवसांनी फुगून सुटतो.

हवामानाचा हा हिशेब डिझाइनमध्येही उतरतो. पावसाळ्यात मॅपलिथोवर चार रंगांचे काम असेल, तर मी चारही रंगांतून बनलेली बारीक अक्षरे आणि केसाएवढ्या रेघा टाळतो. रंग अर्धा मिलिमीटरही सरकला, तर फोटोत ते खपते. आठ पॉइंटच्या तपकिरी ओळीत मात्र अक्षराला लाल आणि निळी सावली दिसते. मजकूर एकट्या काळ्याच्या शंभर टक्क्यांत ठेवावा, हा नियम त्यासाठीच आहे. वर्डमधून किंवा आरजीबी फाइलमधून, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतल्या फाइलमधून, आलेले काळे अक्षर रूपांतरात चार रंगांत विभागले जाते. फोटोशॉपच्या नेहमीच्या अमेरिकन प्रोफाइलने (प्रोफाइल म्हणजे रंगांच्या रूपांतराचे तयार कोष्टक) शुद्ध काळ्याचे ७५, ६८, ६७ आणि ९० टक्के असे तुकडे होतात, म्हणजे एकूण ३०० टक्के शाई. मोठ्या काळ्या पृष्ठभागाला थोडा निळा मिसळून काळा खोल करणे ठीक, पण मजकुराला हे विष आहे. पीडीएफ उघडून काळी प्लेट, म्हणजे काळ्या रंगाचा थर, तेवढी बंद करून पाहावी; त्यानंतरही अक्षरे पुसट दिसत राहिली, तर फाइल परत घ्यावी.

एकूण शाईची मर्यादा पुन्हा कागदच ठरवतो. आर्ट पेपर साधारण ३०० ते ३२० टक्के शाई पेलतो, मॅपलिथोवर २६० ते २८०च्या पुढे जाऊ नये, आणि वर्तमानपत्राच्या कागदावर २४० टक्के म्हणजे परिसीमा. त्यापलीकडची शाई कागदात मुरते, वाळत नाही, आणि फोटोतल्या सावल्या एकसलग काळ्या डागासारख्या दिसतात. म्हणून आरजीबीतून सीएमवायके, म्हणजे छपाईचे चार रंग, करताना प्रोफाइल निवडायचे ते कागदाला धरून. फोग्रा या जर्मन संस्थेच्या प्रोफाइलांपैकी आर्ट पेपरला फोग्रा ३९ किंवा त्यानंतरचे ५१, बिनथराच्या कागदाला फोग्रा ४७ किंवा ५२. तुमचा छापखाना स्वतःचे प्रोफाइल देत असेल तर तेच वापरावे. मला ते फारसे कुठे मिळालेले नाही.

रंगाची खरी परीक्षा आपल्या गावात एकाच वस्तूवर होते, ती म्हणजे संत्रा. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले. रस, बर्फी, रोपवाटिका, यांतले कोणतेही लेबल असो, त्यावर संत्र्याचा रंग हवाच असतो, आणि मोबाइलच्या पडद्यावर जो लखलखीत नारिंगी दिसतो तो चार रंगांच्या छपाईत मुळात येतच नाही. पॅन्टोन या क्रमांकवार रंगसूचीतल्या ऑरेंज ०२१सारखा रंग पिवळा आणि मॅजेन्टा कितीही एकत्र केले तरी जमत नाही; त्याची शाईच वेगळी तयार करावी लागते. चार रंगांत काम भागवायचे, तर पिवळा शंभर टक्के, मॅजेन्टा ५० ते ६०च्या दरम्यान, आणि निळा व काळा कडकडीत शून्य, एवढ्यावर आर्ट पेपरवर चांगला नारिंगी मिळतो. निळ्याचे पाच टक्केसुद्धा त्याला मळकट करतात, कारण नारिंगीच्या नेमका विरुद्ध रंग निळाच आहे. रूपांतर करताना हे पाच टक्के न सांगता येऊन बसतात, म्हणून लेबलावरच्या सपाट रंगाचे आकडे एकेक करून तपासावे लागतात.

तोच आकडा मॅपलिथोवर छापला की काय होते, हे नागपूरच्या महाल भागातल्या एका छापखान्यात मशीनमनने मला भिंगाखाली दाखवले होते. एकाच प्लेटवरून दोन कागदांवर काढलेल्या दोन शीट त्याने शेजारी ठेवल्या. आर्ट पेपरवर पिवळ्या पार्श्वभूमीवर मॅजेन्टाचे ठिपके सुटे, गोल आणि काठ स्वच्छ असलेले होते. मॅपलिथोवर त्याच ठिपक्यांना झिरपून पाय फुटले होते आणि शेजारच्या ठिपक्याला ते भिडले होते. "पन्नास टाकले ना भाऊ, तर इथे सत्तर छापून येते," तो म्हणाला, आणि त्याचा अंदाज बरोबरच होता. ठिपका फुगण्याचे प्रमाण मध्यछटेत आर्ट पेपरवर पंधरा टक्क्यांच्या आसपास, तर बिनथराच्या कागदावर वीस किंवा अधिक असते. त्यामुळे मॅजेन्टा वाढतो, आणि कागदच शाईचे तेज शोषून घेत असल्यामुळे संत्रा विटकरी दिसू लागतो. अशा कागदावर मॅजेन्टा ४०-४५पर्यंत उतरवावा लागतो. संत्रा बर्फीचा खोका असेल, तर माझा सल्ला सरळ आहे: चमकत्या यूव्ही लेपावर आणि सोनेरी फॉइलवर खर्च करण्याऐवजी पाचवी प्लेट लावून नारिंगीची वेगळी शाई घ्यावी. मिठाईच्या दुकानातल्या फळीवर लांबून दिसतो तो रंग, फॉइल नव्हे.

फोटोंच्या बाबतीत ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल, हा मंत्र सगळ्यांना पाठ असतो, त्यामागचे कारण क्वचित सांगितले जाते. आर्ट पेपरवर छपाईच्या ठिपक्यांची इंचाला सुमारे १५० ते १७५ ओळींची जाळी वापरतात आणि प्रत्येक ओळीला दोन पिक्सेल असावेत असा संकेत आहे, त्यातून हा आकडा आला. मॅपलिथोवर १३३ ओळींची जाळी पुरते, म्हणून तिथे अडीचशेचा फोटोही निभावतो. स्मरणिकेसाठी येणारे फोटो बहुतेक व्हॉट्सअॅपवरून येतात आणि वाटेत दाबले जातात. लांब बाजू १६०० पिक्सेलची राहिली, तर ३००च्या हिशेबाने तो फोटो सव्वापाच इंचांपेक्षा मोठा छापता येत नाही. संगणकावर आकडा बदलून ३०० लिहिल्याने तपशील परत येत नाही. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, एवढी एक सूचना कार्यकारिणीच्या गटात आधीच टाकून ठेवली, की अध्यक्षांचा चेहरा पुसट आल्याची तक्रार टळते.

देवनागरी अक्षरांची काळजी रोमनपेक्षा जास्त घ्यावी लागते, आणि तिथेही कागद मध्ये येतोच. बारीक वळणाचा फॉन्ट आर्ट पेपरवर नाजूक दिसतो. मॅपलिथोवर त्याच अक्षराची पोटे भरू लागतात आणि "घ" व "ध" ओळखू येत नाहीत. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे काढली, तर चारही बाजूंनी शाई आत सरकते आणि सर्वांत आधी शिरोरेघ बुजते. अशा ठिकाणी अक्षर एक पायरी जाड घ्यावे आणि दहा पॉइंटच्या खाली उतरू नये. ओळ दोन्ही कडांना जुळवताना अक्षरांमधले अंतर वाढू देऊ नये, कारण शिरोरेघेचे तुकडे पडतात. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ही मोकळीक शून्यावर ठेवून फक्त शब्दांमधले अंतर खुले ठेवता येते. तिथेच दक्षिण आशियाई लिप्यांसाठीची वर्ल्ड-रेडी रचना निवडली नाही, तर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरे सुटी पडतात. जुन्या श्रीलिपी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला असेल, तर "दुसऱ्या", "येणाऱ्या" असे शब्द मुद्दाम शोधावेत. रूपांतरात अर्ध्या र-चा रफार होऊन "दुसर्या" झालेला बऱ्याचदा मुद्रितशोधकाच्याही नजरेतून सुटतो.

छापखान्यात "कर्व्ह करून आणा", म्हणजे अक्षरांच्या चित्ररेषा करून आणा, असे सांगतात, ते कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमधल्या पत्रिकेला आणि मुखपृष्ठाला योग्यच आहे; फॉन्ट तिथल्या संगणकावर नसला की वधूचे नाव चौकटींच्या रांगेत बदलते. कर्व्ह न केलेली प्रत आपल्याकडे वेगळी ठेवावी, म्हणजे मुहूर्त बदलला तर सगळे पुन्हा जुळवावे लागत नाही. अख्खे पुस्तक मात्र कर्व्ह करू नये. फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ द्यावी, शक्यतो एक्स-वन-ए किंवा एक्स-फोर या छपाईसाठीच्या प्रकारांतली.

कापणीबद्दल थोडक्यात. रंग किंवा चित्र पानाच्या काठाला भिडत असेल, तर ते चारी बाजूंनी तीन मिलिमीटर बाहेर नेऊन ठेवावे, आणि मजकूर आतल्या बाजूला पाच मिलिमीटर तरी सुरक्षित अंतरावर. काठाला समांतर बारीक चौकट आखण्याचा मोह पत्रिकांमध्ये फार असतो. कटिंग अर्धा मिलिमीटर हलली तरी ती वाकडी दिसते, त्यामुळे चौकट आखायचीच तर चांगली आत आखावी.

कण्याची रुंदी काढायला मात्र पुन्हा कागदाकडे यावे लागते. १६० पृष्ठे म्हणजे ८० पाने. ७० जीएसएमचा मॅपलिथो ०.०९ मिलिमीटरचा धरला तर आतला गठ्ठा ७.२ मिलिमीटर होतो. त्याच वजनाचा फुगीर नॅचरल शेड ०.१०५ मिलिमीटरचा असला तर ८.४. सव्वा मिलिमीटरचा हा फरक कण्यावरचे नाव मुखपृष्ठावर सरकवायला पुरेसा आहे, म्हणून पृष्ठसंख्या आणि कागद दोन्ही पक्के झाल्याशिवाय मी मुखपृष्ठाची अंतिम फाइल देत नाही. खात्री करायची तर नेमक्या त्याच कागदाची कोरी डमी बाइंडरकडून बांधून घ्यावी आणि पट्टीने मोजावी. दीक्षाभूमीसाठी निघतात तशा मधोमध पिन मारलेल्या पुस्तिकांना कणा नसतो, पण त्यांत आतली पाने बाहेर ढकलली जातात. ६४ पृष्ठांच्या पुस्तिकेत सोळा दुमडलेले कागद एकात एक बसतात आणि मधले पान कापणीत दीड मिलिमीटरच्या जवळपास अरुंद होते. पानक्रमांक बाहेरच्या कोपऱ्यात अगदी काठाशी ठेवले असतील, तर मधल्या पानांवर ते कापले जाण्याच्या बेतात येतात.

प्रूफ पाहताना ते ज्या कागदावर छापायचे त्याच कागदावर काढलेले असेल, तरच रंगाचा अंदाज येतो. चकचकीत डिजिटल प्रूफवर सही करून मॅपलिथोवर तसाच रंग मागण्यात अर्थ नाही. मोठ्या कामाला मी पहिल्या शीटच्या वेळी मशीनवर उभा राहतो, पिवळ्या बल्बखाली न पाहता शीट दारापर्यंत नेऊन दिवसाच्या उजेडात पाहतो, आणि पसंत पडलेल्या शीटवर सही करून ती मशीनमनजवळ ठेवतो, म्हणजे शेवटची शीट पहिलीशी ताडून पाहता येते. काम झाल्यावर रिमच्या वेष्टनावरची चिठ्ठी, जिच्यावर गिरणीचे नाव, आकार, वजन आणि जीएसएम असते, ती आणि त्याच रिममधले एक कोरे पान कामाच्या पाकिटात घालून ठेवतो. नॅचरल शेडची छटा गिरणीगणिक आणि लॉटगणिक बदलते, आणि दुसरी आवृत्ती काढताना किंवा कमी पडलेल्या फर्म्याची (एका शीटवर एकत्र छापलेल्या पृष्ठांच्या संचाची) पुरवणी छापताना दुकानदाराला नुसते "मागच्यासारखाच द्या" म्हणून भागत नाही. त्याच्या काउंटरवर ते पान नव्या कागदाशेजारी ठेवावे लागते.